रोव्हर, फिक्स आणि ‘अचूक’ मोजणी

दोन चुलतभावांच्या सामाईक बांधावर गेल्या वर्षी एक खासगी सर्व्हेअर आला होता. त्या घराशी माझे नाते असल्यामुळे मीही तेव्हा बांधावर उभा होतो. त्याच्या हातात माणसाहून थोडी उंच काठी होती, तिच्या टोकाला बशीसारखी पांढरी पेटी आणि मध्यावर मोबाइलसारखा पडदा बसवलेला होता. खूण करायची ती जागा नेमकी एका बाभळीखाली आली. “फ्लोट दाखवतंय, थांबा,” असे म्हणून तो झाडाबाहेर गेला, मिनिटभर पडद्याकडे पाहत उभा राहिला, “आला फिक्स,” म्हणाला आणि काठी तशीच उभी धरून परत बाभळीखाली येऊन त्याने चुन्याची खूण केली. थोरल्या भावाने विचारले, “साहेब, हे बरोबर ना?” उत्तर आले, “एकदम अचूक, दादा. सॅटेलाइटवरून आहे.” पावसाळा संपल्यावर धाकट्याने दुसरा सर्व्हेअर आणला. त्याची खूण पहिल्या खुणेपासून वीतभर सरकली आणि दोघांपैकी एकाने पैसे खाल्ले आहेत याबद्दल दोन्ही घरांचे एकमत झाले. कोणी खाल्ले, एवढ्यावरच मतभेद राहिला.

माझ्या समजुतीप्रमाणे पैसे कोणीही खाल्ले नव्हते. फसवले होते ते ‘अचूक’ या शब्दाने. उपग्रहांच्या मदतीने ठावठिकाणा काढणारी यंत्रे आता प्रयोगशाळेत किंवा लष्कराच्या गोदामात राहिलेली नाहीत. ती शेताच्या बांधावर, मच्छीमार बोटीवर, एसटी आणि शाळेच्या बसमध्ये, ऊसतोडीच्या ट्रकमध्ये पोहोचली आहेत. त्यांच्याबरोबर आलेल्या परिभाषेविषयी मराठीत बोलणे निघाले की चर्चा ताबडतोब एका ठरलेल्या वळणावर जाते : जीपीएसला मराठी प्रतिशब्द कोणता. मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. यंत्राच्या नावाला मराठी शब्द नसला तर कोणाचे काही बिघडत नाही. मात्र यंत्राने काढलेल्या उत्तरावर किती विश्वास टाकावा हे सांगणारे शब्द मराठीत नसतील, किंवा ते सगळे ‘अचूक’ या एकाच शब्दात कोंबलेले असतील, तर ज्याच्या जमिनीचे मोजमाप झाले त्याला प्रश्न विचारण्याचे साधनच उरत नाही. माझी तक्रार तेवढीच आहे आणि ती मला गंभीर वाटते.

आधी नावांचा विषय हातावेगळा करू. रोव्हर (म्हणजे ती पेटीवाली काठी), बेस (म्हणजे तिला आधार देणारे स्थिर केंद्र), अँटेना, कंट्रोलर हे शब्द भूकरमापकांच्या तोंडी रुळले आहेत आणि त्यांना तिथून हलवण्याचे कारण नाही. जीपीएस हे खरे तर अमेरिकेच्या एका प्रणालीचे नाव आहे. आपल्या खिशातला फोन रशियाच्या ग्लोनास, युरोपच्या गॅलिलिओ आणि चीनच्या बैदू या प्रणालींचे उपग्रहही सर्रास वापरतो. तरीही लोक सगळ्याला जीपीएसच म्हणतात, जसे एकेकाळी प्रत्येक वनस्पती तुपाला डालडा आणि आजही प्रत्येक छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतात. भाषेची ही सवय निरुपद्रवी आहे. ‘जागतिक स्थाननिश्चिती प्रणाली’ हा शब्द शासकीय पत्रात छान दिसतो, पण बांधावर तो कोणी उच्चारणार नाही. आणि उच्चारला तरी त्यातील ‘निश्चिती’ पुन्हा तोच घोटाळा करील.

आपल्या देशी प्रणालीच्या नावाची तर वेगळीच गंमत आहे. सात उपग्रहांचा संच 28 एप्रिल 2016 रोजी सातव्या उपग्रहाच्या प्रक्षेपणाने पूर्ण झाला, तेव्हा त्याला ‘नाविक’ हे नाव देण्यात आले. नाव ऐकून नावाडी, तांडेल, खलाशी डोळ्यांपुढे येतात, पण तो शब्द एका इंग्रजी वाक्यांशाची आद्याक्षरे जुळवून बनवला आहे. विमानांच्या मार्गदर्शनासाठी उभारलेल्या ‘गगन’चीही तीच कथा. बाहेरून देशी आणि आतून इंग्रजी अशी ही नावे ऐकायला गोड आहेत. त्यांनी सामान्य माणसाच्या आकलनात काही भर टाकली असे मात्र म्हणता येणार नाही.

आकलनाचा खरा घोळ “सॅटेलाइटवरून मोजणी” या वाक्प्रयोगापासून सुरू होतो. तो ऐकणाऱ्याला असे वाटते की वर आकाशात कोणी तरी डोळा लावून बसले आहे आणि ते आपला बांध पाहून मोजते आहे. प्रत्यक्षात ठावठिकाणा सांगणारा उपग्रह जमीन पाहतही नाही आणि मोजतही नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारा जीपीएसचा उपग्रह सतत दोनच गोष्टी सांगत असतो : आपल्या घड्याळात किती वाजले आणि आपण स्वतः कुठे आहोत. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून अंतर काढायचे आणि चार किंवा अधिक उपग्रहांपासूनची अंतरे जुळवून आपली जागा काढायची, हे सगळे काम खाली काठीवरच्या पेटीत होते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे 30 सेंटिमीटर जातो. म्हणून घड्याळ हाच या यंत्रणेचा प्राण आहे. आपल्या ‘नाविक’ मालिकेतील 2013 साली सोडलेल्या पहिल्या उपग्रहावरील तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडली, तेव्हा उपग्रह आकाशात शाबूत असूनही ठावठिकाण्याच्या कामातून बाद झाला. पुढे 29 मे 2023 रोजी गेलेल्या एनव्हीएस-01 या उपग्रहावर देशी बनावटीचे रुबिडियम घड्याळ बसवले, त्याची बातमी झाली ती यामुळे. उपग्रह मोजत नाही, पेटी हिशेब करते, एवढे जरी कळले तरी माणूस पुढचा प्रश्न आपोआप विचारतो : मग हिशेब चुकू शकतो का?

चुकू शकतो, आणि कसा चुकतो ते त्या ‘फिक्स’ आणि ‘फ्लोट’ या दोन शब्दांत दडलेले आहे. फोनमधला साधा ग्राहक, म्हणजे लहर पकडणारा भाग, उपग्रहाच्या लहरीवर चढवलेली सांकेतिक खूण ओळखून अंतर काढतो. त्याला मोकळ्या आकाशाखाली काही मीटरपर्यंतच पोहोचता येते. रोव्हर त्याच्या पुढे जाऊन प्रत्यक्ष लहरच मोजतो. या लहरीची लांबी सुमारे 19 सेंटिमीटर असते आणि एका लहरीच्या आत आपण कुठे आहोत हे रोव्हर मिलिमीटरांच्या बारकाईने सांगू शकतो. अडचण अशी की उपग्रहापासून आपल्यापर्यंत अशा पूर्ण लहरी किती झाल्या, ती संख्या त्याला माहीत नसते. मिनिटकाटा लख्ख दिसतो आहे आणि तासकाटा झाकलेला आहे अशा घड्याळासारखी ही अवस्था आहे. अनेक उपग्रहांची मापे आणि ज्याची जागा आधीच माहीत आहे अशा स्थिर केंद्राची मापे यांची सांगड घालून पेटी तो झाकलेला तासकाटा ओळखते. ओळखता आला की ‘फिक्स’ आणि मग उत्तर दोन-तीन सेंटिमीटरांच्या आत येते. ओळखता आला नाही, नुसता अंदाज चालला आहे, तोवर ‘फ्लोट’, आणि तेव्हा उत्तर काही वितींपासून मीटरभरापर्यंत हलू शकते.

गोष्ट इथे संपली असती तर सोपे झाले असते. पण तासकाटा कधी कधी चुकीचा ओळखला जातो. झाडाची पाने, पत्र्याची शेड, शेजारची भिंत, विहिरीवरची लोखंडी चौकट यांच्यावर आपटून आलेली लहर थेट आलेल्या लहरीत मिसळते आणि पेटीची फसगत होते. अशा वेळी पडद्यावर ‘फिक्स’ दिसते, बाजूला एक-दोन सेंटिमीटरांचा आकडाही दिसतो आणि जागा मात्र वीतभर किंवा त्याहूनही अधिक चुकलेली असते. मिनिटकाटा अगदी बरोबर आणि तास चुकलेला, असा तो प्रकार आहे. बाभळीबाहेर जाऊन फिक्स मिळवायचा आणि तो घेऊन बाभळीखाली परत यायचे, ही युक्ती म्हणूनच जोखमीची आहे. जाणता भूकरमापक अशा ठिकाणी जुळणी तोडून पुन्हा नव्याने घेतो, थोड्या वेळाने परत येऊन तोच बिंदू मोजतो आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच पुढे जातो. हे कौशल्य त्याच्याजवळ असते. शब्द मात्र त्याच्या आणि यंत्राच्या मध्येच अडकून राहतात. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ‘फिक्स’ म्हणजे फक्त ‘झाले’ असे ऐकू येते.

महसुली मराठीला कच्चे आणि पक्के हा भेद चांगला ठाऊक आहे. कच्ची नोंद, पक्की नोंद, कच्ची पावती, पक्की पावती असे आपण बोलतोच. त्या न्यायाने फ्लोटवर घेतलेल्या बिंदूला कच्चा बिंदू आणि वेगवेगळ्या वेळी दोनदा फिक्सवर घेऊन जुळलेल्या बिंदूला पक्का बिंदू म्हटले, तर कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. एकदाच घेतलेला फिक्स मी पक्का म्हणणार नाही. तो अर्धा पक्का.

आता मुख्य शब्दाकडे येतो. इंग्रजी तांत्रिक भाषेत दोन वेगळ्या गुणांना दोन वेगळे शब्द आहेत आणि मराठीत आपण दोन्हींसाठी ‘अचूकता’ वापरून टाकतो. पहिला गुण म्हणजे माप खऱ्या किमतीच्या किती जवळ आहे. दुसरा गुण म्हणजे पुन्हा पुन्हा घेतलेली मापे एकमेकांच्या किती जवळ आहेत. बाजारातल्या तागडीला खालून चिंचोका चिकटवला असेल, तर ती दहा वेळा तेच वजन दाखवील आणि दहाही वेळा खोटे दाखवील. पहिल्या गुणाला अचूकता म्हणावे आणि दुसऱ्याला एकवाक्यता म्हणावे, अशी माझी सूचना आहे. एकवाक्यता हा शब्द मी मुद्दाम निवडला, कारण तो साक्षीपुराव्याच्या जगातून येतो आणि जमिनीच्या वादात सापडलेल्या प्रत्येक माणसाला ते जग चांगलेच परिचित असते. चार साक्षीदारांच्या बोलण्यात एकवाक्यता आहे म्हणून ते खरे बोलतात असे कोणी मानत नाही. पढवून आणलेल्या साक्षीदारांत तर ती सगळ्यात जास्त असते. पडद्यावर दिसणारा दोन सेंटिमीटरांचा आकडा हा यंत्राने आपल्याच मापांवरून बांधलेला, मुख्यतः त्यांच्या एकवाक्यतेचा अंदाज असतो. खऱ्या जागेशी त्याचे नाते जुळले आहे का, हे बाहेरचा एखादा ज्ञात बिंदू मोजून पाहिल्याशिवाय कळत नाही.

परिभाषा कोशांत या दोन गुणांसाठी शब्द नाहीत असे नाही. हिंदीत यथार्थता आणि परिशुद्धता हे भेद केले गेले आहेत आणि मराठीतही काटेकोरपणा, सूक्ष्मता असे शब्द इकडेतिकडे सापडतात. पण कोशात शब्द असणे आणि नकाशाच्या तळाशी तो छापलेला असणे यांत मोठे अंतर आहे. शिवाय ‘काटेकोरपणा’ हा माणसाचा गुण वाटतो, मापांचा वाटत नाही.

अचूकतेच्या या चर्चेत एक त्याहून जुना आणि अवघड गुंता आहे, आणि तो रोव्हरमुळे सुटत नाही, उलट झाकला जातो. महाराष्ट्रातील बहुतेक शेतजमिनींच्या हद्दी मुळात शंकू-साखळीने मोजलेल्या आहेत. साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. एका साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, 1,089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. मापाचे साधन, मापाचा शब्द आणि क्षेत्राचे एकक या तिन्ही गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या होत्या, म्हणून अक्षरशत्रू माणसालाही मोजणी समजत होती : साखळी ताणली आहे की सैल आहे हे डोळ्यांना दिसे आणि त्यावर भांडता येई. त्या मोजणीची टिपणे आणि त्यांवरून काढलेले गावनकाशे आजही हद्दीचा आधार आहेत. समजा नकाशा 1:5000 प्रमाणाचा आहे आणि त्यावरची शाईची रेघ अर्धा मिलिमीटर जाड आहे. तर जमिनीवर ती रेघ अडीच मीटर रुंद होते. रोव्हर तुमच्या पायाखालचा बिंदू दोन सेंटिमीटरांत सांगेल, पण हद्द त्या अडीच मीटरांत नेमकी कुठे आहे हे त्याला कोण सांगणार? ते टिपणातील आण्यांचे आकडे, जुने दगड, शेजारच्या गटांचे कोपरे आणि प्रत्यक्ष वहिवाट यांची जुळणी करून माणसालाच ठरवावे लागते. म्हणून यंत्राची अचूकता आणि हद्दीची अचूकता हे दोन स्वतंत्र शब्दप्रयोग व्हायला हवेत. माझ्या चुलतभावांच्या बाबतीत दुसऱ्या सर्व्हेअरने नुसता बिंदूच वेगळा घेतला असे नाही. त्याने जुळणीसाठी धरलेला जुना दगडही वेगळा होता. वीतभर फरक कुठल्या कारणाने आला हे दोन्ही कागदांवरून आता कोणालाच सांगता येत नाही, कारण दोन्ही कागदांवर फक्त अंतिम रेघ आहे.

राज्यात भारतीय सर्वेक्षण विभागाने उभारलेली सत्तरहून अधिक स्थिर केंद्रे आहेत, त्यांच्या आधाराने रोव्हरची मोजणी चालते आणि गावठाणांची ड्रोनने मोजणी करण्याचे काम पुरंदर तालुक्यातील सोनोरीपासून सुरू होऊन राज्यभर पसरले. या कामाचे मोल मी कमी लेखत नाही. साखळी घेऊन काट्याकुट्यांतून फिरणाऱ्या भूकरमापकाचे दिवस परत यावेत असे म्हणणे शहाणपणाचे नाही, आणि मोजणीसाठी महिनोन्‌महिने थांबलेल्या शेतकऱ्याला तर ते क्रूर वाटेल. पण साखळी गेली तेव्हा साखळीबरोबरची सर्वांना कळणारी भाषाही गेली आणि तिच्या जागी भाषा आली नाही, नुसता विश्वास मागणारा एक शब्द आला. एवढेच नव्हे, क्षेत्राच्या एककांतही आपण अशीच हेळसांड केली आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते, आणि कितीतरी घरांत आर म्हणजेच गुंठा असे समजून व्यवहार बोलले जातात. आर 100 चौरस मीटरांचा, गुंठा 101 चौरस मीटरांहून थोडा मोठा. हेक्टरभर जमिनीत हा फरक एका गुंठ्याहून अधिक होतो. गावच्या रस्त्यालगत एका गुंठ्यासाठी काय काय घडते ते वाचकांना माहीत आहे.

आणखी एक शब्द कागदावर यायला हवा, तो म्हणजे मोजणीचा आधार. अक्षांश-रेखांशांचे आकडे स्वयंभू नसतात; पृथ्वीचा कोणता आकार गृहीत धरला आणि तो कसा बसवला यावर ते अवलंबून असतात. भारताचे जुने नकाशे 1830 च्या एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेले होते, उपग्रहांची यंत्रे डब्ल्यूजीएस-84 या जागतिक आधारावर चालतात, आणि तेच आकडे दोन्ही आधारांवर जमिनीवरच्या दोन वेगळ्या जागा दाखवतात. त्यात भर म्हणजे जमीन स्थिर नाही. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. सगळे गाव एकत्रच सरकत असल्यामुळे दोन शेतांतील बांध जिथल्या तिथे राहतो, पण जागतिक आधारावर घेतलेले त्याचे निर्देशक वीस वर्षांत मीटरभर, म्हणजे दीड आण्याहून जास्त, बदललेले असतात. उद्या सातबाऱ्याला निर्देशक जोडले गेले आणि ते कोणत्या सालचे आहेत हे लिहिले नाही, तर आपण नातवंडांसाठी दाव्यांची सोय करून ठेवू. या निर्देशकांना सर्व्हेअर मंडळी ‘को-ऑर्डिनेट’ म्हणतात, तर शाळेच्या गणिताच्या पुस्तकात पोरे ‘बिंदूचे निर्देशक’ शिकतात. तयार शब्द दप्तरात आहे आणि आपण तो शाळेबाहेर येऊ देत नाही.

उंचीच्या बाबतीत ‘आधार’ आणखी महत्त्वाचा ठरतो. मुंबईच्या किनाऱ्यावर, लाटा पायाला लागत असताना, यंत्राचा मूळ उपग्रही आकडा पाहिला तर तो उणे साठ-सत्तर मीटरच्या घरात येतो. यंत्र बिघडलेले नसते. ते गणिती लंबगोलापासूनची उंची सांगते आणि भारताच्या आसपास समुद्राची सरासरी पातळी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. साठ मीटरांची चूक कोणाच्याही लक्षात येते, म्हणून ती धोक्याची नाही. समुद्रपातळीची दोन वेगळी गणिती प्रतिमाने वापरून समुद्रसपाटीची उंची काढली तर काही वितींचा जो फरक पडतो, तो लक्षात येत नाही आणि सांगली-कोल्हापुरात निळी पूररेषा अंगणातून जाते की घरातून, हे त्याच वितींवर ठरू शकते. “उंची 547.20” असे नुसते लिहिणे म्हणजे अर्धे वाक्य लिहिणे. कशापासून, हा त्याचा दुसरा अर्धा भाग.

आता कोणी म्हणेल की मराठीत असे शब्द घडवणे म्हणजे पुन्हा न चालणारी नाणी पाडणे. या शंकेला मी आपल्याच शाळांतून उत्तर देतो. उपग्रहाची लहर खाली येताना ज्या दोन थरांत रेंगाळते त्यांची नावे महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही येतात : आयनांबर आणि तपांबर. आयनांबराचा त्रास तर आपल्या अक्षांशांत विशेष आहे, सूर्यास्तानंतरच्या काही तासांत तो लहरींना अक्षरशः थरथरवतो. हे शब्द घडवलेलेच आहेत, संस्कृतचेच आहेत आणि तरीही कोणाला ते बोजड वाटत नाहीत, कारण ते वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, आकृतीसह आणि एका अर्थासाठी एकच शब्द अशा शिस्तीने भेटले. शब्द देशी की परका यापेक्षा तो कोणत्या वयात, कोणत्या कागदावर आणि किती सातत्याने भेटतो यावर त्याचे टिकणे अवलंबून आहे. एका खात्याने ‘अचूकता’, दुसऱ्याने ‘परिशुद्धता’, तिसऱ्याने ‘ॲक्युरसी’ लिहिले, तर तिन्ही मरतात.

आणि जिथे लोकांचा शब्द पक्का बसला आहे तिथे कोशाने माघार घ्यावी. पंचांगातले अंश, कला, विकला हे शब्द मला मनापासून आवडतात. कोनाचे मिनिट आणि वेळेचे मिनिट यांतला गोंधळ त्यांनी एका फटक्यात मिटवला असता. पण कोकण किनाऱ्यावरच्या तांडेलाच्या तोंडी डिग्री आणि मिनिटच आहे, खोली तो आजही वावांत सांगत असला तरी. तिथे माझ्या आवडीला किंमत नाही. त्याला मराठी शब्दापेक्षा एक वेगळीच गोष्ट सांगण्याची गरज आहे : 18 अंश 30 मिनिटे आणि 18.30 अंश हे एक नव्हेत. पहिले म्हणजे 18.50 अंश. दोहोंत बारा मिनिटांचा, म्हणजे बारा सागरी मैलांचा, सुमारे 22 किलोमीटरांचा फरक आहे. पडद्यावर कोणती पद्धत लावली आहे हे न पाहता वायरलेसवर आकडे सांगितले, तर मदतीला निघालेली बोट भलत्याच पाण्यात शोधत राहील. पालघर-डहाणूकडच्या बोटी जेव्हा उत्तरेला सागरी सीमेच्या दिशेने जातात, तेव्हा याचा अर्थ आणखी कडू होऊ शकतो. यंत्र विकताना ही एक ओळ मराठीत त्याच्या पेटीवर चिकटवणे हे कोणत्याही प्रतिशब्दाहून अधिक उपयोगाचे आहे.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे आणि तो मला एका निवृत्त भूकरमापकाने ऐकवला. त्यांचे म्हणणे असे : “तुम्ही नकाशावर ‘पाच सेंटिमीटर कमी-जास्त’ असे छापलेत की प्रत्येक पक्षकार त्या पाच सेंटिमीटरांसाठी कोर्टात जाईल. लोकांना शंका नको असते, निकाल हवा असतो.” या आक्षेपात तथ्य आहे. प्रशासनाला कुठे तरी थांबावे लागते आणि मोजणीचा नकाशा हा थांबण्यासाठीच असतो. पण आज काय घडते ते पाहावे. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते. म्हणजे पहिले माप चुकू शकते हे व्यवस्थेने केव्हाच मान्य केलेले आहे. फक्त किती चुकणे स्वाभाविक आहे हे ती सांगत नाही. ते न सांगितल्यामुळे दुसऱ्या मोजणीत खूण चार बोटे सरकली तरी लोकांपुढे एकच स्पष्टीकरण उरते आणि ते भ्रष्टाचाराचे असते. चार बोटांचा फरक दोन्ही मापांच्या मर्यादेत बसतो असे आधीच लिहिलेले असेल, तर प्रामाणिक भूकरमापकाला त्याचे संरक्षण मिळेल, आणि फरक दोन हातांचा निघाला तर अप्रामाणिक किंवा निष्काळजी माणसाला त्या मर्यादेआड लपता येणार नाही. शंका मोजून सांगितली की ती संपत नाही, पण तिला कुंपण पडते.

‘कमी-जास्त’ हा शब्द मला इथे चपखल वाटतो. ‘त्रुटी’ आणि ‘चूक’ म्हटले की गुन्हेगार शोधायला सुरुवात होते. ‘अनिश्चितता’ म्हटले की मोजणाऱ्याला काही येत नाही असे वाटते. “दोन हात कमी-जास्त” असे आपण बोलताना कोणाला दोष देत नाही. भूमी अभिलेखाच्या दप्तरात ‘कमी-जास्त पत्रक’ आधीच आहे. ते क्षेत्रातील बदलांसाठी असल्यामुळे थोडा गोंधळ होईल हे मला मान्य आहे, पण तो गोंधळ ‘मापातील कमी-जास्त’ असे पूर्ण लिहून टाळता येतो.

यासाठी नवा कोश काढण्याची किंवा समिती नेमण्याची आवश्यकता नाही. मोजणीनंतर खातेदाराला मिळणारी ‘क’ प्रत आता संगणकावरच तयार होते, तेव्हा तिच्या तळाशी पाच ओळी वाढवणे हे साच्यातील बदलाचे काम आहे. त्या ओळी साधारण अशा असाव्यात : बिंदू पक्के किती आणि कच्चे किती, प्रत्येक पक्का बिंदू कोणत्या दोन वेळांना घेतला, मापातील कमी-जास्त किती सेंटिमीटर, हद्द जुळवताना कोणते जुने दगड, टिपण आणि गावनकाशा धरला व त्या नकाशाचे प्रमाण काय, निर्देशकांचा आधार कोणता आणि ते कोणत्या सालचे. ही सगळी माहिती भूकरमापकाजवळ त्या दिवशी असते किंवा असायला हवी. बहुतेक आकडे तर रोव्हर स्वतःच नोंदवून ठेवतो आणि नकाशा छापताना ते गाळले जातात. खासगी सर्व्हेअरांच्या नकाशांनाही ग्राहकांनी हीच अट घालावी. पैसे ते देतात, तेव्हा मागण्याचा हक्कही त्यांचाच आहे.

माझ्या चुलतभावांनी अजून तिसरी मोजणी मागितलेली नाही. दोन्ही खुणांच्या मधल्या वीतभर पट्ट्यात या वर्षी कोणीच नांगर घातला नाही. परवा गेलो तेव्हा तिथे गवत वाढले होते, आणि थोरला मला दोन्ही नकाशे दाखवून विचारत होता की यातला फिक्स कुठला.